कांदळाची राखण

आमच्या एस्तेरो ओन्दोत पुरुषांच्या वाट्याला समुद्र आणि बायकांच्या वाट्याला चिखल. ओहोटी लागली की आम्ही होड्या वल्हवत खाडीत शिरायचो, कांदळाच्या मुळांखालून वाकून जायचो, गुडघाभर गाळात रुतत चालायचो आणि कोपरापर्यंत हात घालून काळ्या शिंपल्या चाचपायचो. डास हटावेत म्हणून प्रत्येकीच्या तोंडात चिरूट. बाहेरून कुणी ऐकलं असतं तर झाडंच खोकतायत आणि झाडंच हसतायत असं वाटलं असतं. माझ्या आईने हेच केलं, तोमासाच्या आईने हेच केलं. तोमासा प्रेसियादो माझ्याहून थोडी मोठी. तिच्या मुलाला, उल्बियोला, बाप्तिस्म्याच्या दिवशी मी हातावर घेतलं होतं, म्हणून तो मला माद्रिना, म्हणजे धर्माची आई, म्हणतो आणि आम्ही दोघी एकमेकींना कोमाद्रे.

आमची मुलं लहान होती तेव्हा मोन्काडा आला. यंत्रं घेऊन आला, सरकारी शिक्के घेऊन आला. आमच्या पुरुषांनी काही महिने त्याच्याकडे मजुरी केली. आपल्याच खाडीतली झाडं पाडली, बांध घातले, कोळंबीचे तलाव केले. काम संपलं तशी मजुरी संपली आणि बांधावर बंदूकवाले आणि कुत्रे आले. आम्ही उरल्यासुरल्या काठाने शिंपल्या वेचत राहिलो. मग एका वर्षी कोळंबीला रोग लागला. सकाळी उठून पाहावं तर तलावाच्या कडेला मेलेल्या कोळंबीच्या राशी आणि गावभर घाण. मोन्काडाने पंप काढून नेले, कुत्रेसुद्धा नेले, आणि जमीन टाकून गेला. जमीन म्हणजे काय, वर मिठाची खपली आणि खाली भेगा. तिथे खेकडाही राहत नव्हता.

तोमासाचा नवरा ग्वायाकिल शहरात कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला होता. पोराला वाढवायचं तर शिंपल्या हव्यात, शिंपल्या हव्यात तर कांदळ हवं, इतकाच तिचा हिशेब. एका दुपारी ती माझ्या दारात आली ती फावडं खांद्यावर टाकूनच.

"कोमाद्रे, बांध फोडायचा."

"कुणी?"

"तू आणि मी. आणखी कुणी आलं तर बरंच."

"आणि मोन्काडा?"

"मोन्काडाने पंप नेले. समुद्र काही त्याने नेला नाही. वाट करून दिली की पाणी येईल."

आम्ही दोघी गेलो, मग रोसेन्दा आली, मग आणखी काही जणी. रोसेन्दाच्या जिभेला हाड नव्हतं. काठावर बसून दारू पिणाऱ्या तिच्या नवऱ्याने हाक मारली, "काय गं, खड्डा कुणासाठी?" ती फावडं न थांबवता म्हणाली, "तुझ्यासाठी. माप कालच घेतलंय, झोपला होतास तेव्हा." बांध दगडासारखा झालेला. हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. उधाणाच्या दिवशी शेवटची ढेकळं आपणहून कोसळली आणि पाणी आत आलं. गढूळ, फेसाळ, सगळा कचरा घेऊन. तोमासा त्या पाण्यात कमरेइतकी उभी राहिली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड धुतलं.

पाणी आलं म्हणून झाडं आली नाहीत. पहिल्या वर्षी आम्ही होड्या भरभरून कांदळाच्या शेंगा आणल्या आणि रोवल्या, त्या मिठाने जळाल्या. दुसऱ्या वर्षी रोवलेल्या, पाण्याबरोबर बाहेरून आलेल्या खेकड्यांनी खाल्ल्या. पुरुष म्हणायचे, तोमासाने नवरा गेला म्हणून चिखलाशी लग्न लावलंय. त्यातच मोन्काडाने मालमत्तेची नासधूस केली म्हणून तक्रार केली आणि पोलीस तिला बोटीत घालून शहरात घेऊन गेले. आम्ही मागोमाग होड्या घेऊन गेलो, चौकीसमोरच्या फुटपाथवर चुली मांडल्या आणि नारळाच्या रसात मासा शिजवायला घेतला. वास चौकीत गेला. रोसेन्दा ओरडून विचारायची, "साहेब, तिला सोडताय की तुम्हीच जेवायला येताय?" शेवटी त्यांनी तिला सोडली. कंटाळून सोडली की भुकेने, ते देव जाणे.

तिसऱ्या वर्षी शेंगा जगल्या.

पुढची वर्षं मी भराभर सांगते, कारण चांगल्या दिवसांत सांगण्यासारखं फार नसतं. झाडं डोक्याच्या वर गेली. मुळं फुटली, मुळांत गाळ धरला, गाळात शिंपल्या आल्या, खेकडे आले, मागून मासे आले, तेव्हा पुरुषांनी हसायचं बंद केलं. तोमासाने नियम घातले. खाडीचे तुकडे पाडायचे, एका तुकड्यातून काढलं की तो तुकडा काही महिने निजू द्यायचा. अंगठ्यापेक्षा लहान शिंपली परत गाळात टाकायची. कुणी लहान घेतली तर तोमासा काही बोलायची नाही, सरळ टोपली पालथी करायची. सख्ख्या नणंदेचीही केली होती. वर आणि खाली, जिथे जिथे मेलेले तलाव होते त्या गावच्या बायका येऊन बघून गेल्या आणि त्यांनीही बांध फोडले. आमची एक संघटना झाली, वर्षातून एकदा सगळ्या होड्या एका ठिकाणी जमायच्या. सगळी खाडी, नदीच्या मुखापासून सीमेपर्यंत, पुन्हा हिरवी करायची असं तेव्हा ठरलं होतं. आम्ही ते हसत ठरवलं, पण ठरवलं.

मग मोन्काडाचा मुलगा आला. बाप मेला होता, कोळंबीला पुन्हा भाव आला होता, आणि जमिनीचे जुने शिक्के त्याच्याकडे होते. तो बोटीतून न उतरता बघून गेला. त्या दिवसापासून तोमासाला झोप नव्हती.

त्याच सुमाराला जंगलं राखणाऱ्या एका संस्थेची इंजिनियरबाई आली. पाउलिना सेवायोस तिचं नाव, राजधानीतली, तरणी. ती वाईट नव्हती. पहिल्याच दिवशी आमच्याबरोबर चिखलात उतरली आणि बिळातल्या विषारी माशाने तिच्या बोटाला डंख मारला. हात सुजून भोपळा झाला. तोमासाने गरम पाण्यात तिचा हात धरून ठेवला, ती रडत होती आणि रडता रडता माफी मागत होती. अशा माणसावर राग धरायचा कसा?

तिने सभेत समजावून सांगितलं. ही झाडं हवेतला धूर पिऊन गाळात पुरून ठेवतात. दूरच्या देशांतल्या कंपन्या खूप धूर सोडतात. त्यांना कुणीतरी तो पुरून ठेवलेला हवा असतो, आणि त्यासाठी त्या पैसे देतात.

रोसेन्दा म्हणाली, "म्हणजे ते पादणार आणि आम्हाला नाक धरल्याचे पैसे मिळणार?"

सगळी सभा हसली, इंजिनियरबाईही हसली. "तसंच काहीसं, रोसेन्दाबाई."

पैशांतून दवाखाना होणार होता, त्यात कायमची नर्स. तरुण मुलांना राखणदाराची नोकरी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कांदळवनाला सरकारी संरक्षण, म्हणजे मोन्काडाच्या पोराचे शिक्के चुलीत घालायच्या लायकीचे.

तोमासाने एकच विचारलं. "आम्ही आत जाणार ना? शिंपल्यांना?"

"अर्थात, दोन्या तोमासा. तुमच्याशिवाय हे जंगल आहे का? तुमचा परंपरागत वापर चालूच राहील. लिहिलंय तसं."

तोमासाला ती मानाने दोन्या म्हणायची. आणि लिहिलं होतं खरंच. खोटं ती बोलली नाही.

गाव बिचकत होतं. म्हातारे म्हणाले, बाहेरच्याच्या हातात शिक्का द्यायचा नाही. तोमासाच उठली आणि बोलली. ती म्हणाली, "बांध मी फोडला, झाडं मी लावली, तुम्ही लावलीत. पण मोन्काडा उद्या यंत्रं घेऊन आला तर मी काय करू, फावडं दाखवू? मला चौकीत बसायचा कंटाळा आलाय. ह्या बाईच्या मागे कायदा आहे. आपल्या मागे कोण आहे?" तिने सांगितलं म्हणून हात वर झाले. सगळे झाले, आणि संस्थेशी करार झाला.

मोन्काडाचा पोरगा पुन्हा आला नाही, एवढं कबूल केलं पाहिजे.

पहिली दोन-तीन वर्षं बरी गेली. दवाखाना झाला, पांढरा रंग, निळी दारं. नर्स आली आणि टिकली. तोमासाला राजधानीत नेऊन बक्षीस दिलं. जाड काचेत बसवलेलं एक झाडाचं पान. तिचा फोटो मोठा करून धक्क्यावर लावला, चिखलात उभी, चिरूट तोंडात, हसते आहे. उल्बियोला राखणदाराची नोकरी लागली. खाकी शर्ट, बूट, मोटारबोट, महिन्याच्या महिन्याला पगार. त्याचं लग्न झालं, दोन मुली झाल्या. तोमासा त्याचा शर्ट स्वतः धुवायची, सुनेला हात लावू द्यायची नाही.

मग एका सभेत इंजिनियरबाईने नकाशा आणला. आतला एक तुकडा काही दिवस निजू द्यायचा, अगदी तुमच्याच पद्धतीने, असं म्हणाली. आम्हाला बरं वाटलं, आमची पद्धत नकाशावर चढली म्हणून. तो तुकडा निजला तो उठलाच नाही. पुढच्या वर्षी त्याला लागून दुसरा. मग मोजणीवाले आले, गाळात नळ्या घातल्या, आणि मोजून सांगितलं की बायका जिथे चालतात तिथला गाळ ढवळला जातो आणि पुरलेला धूर सुटतो. म्हणजे नुकसान आम्हीच करत होतो. पैसे देणाऱ्यांना ते चालत नव्हतं. पाट्या लागल्या. आतलं जंगल बंद, बाहेरचा वाळूचा पट्टा तुमचा.

तोमासा इंजिनियरबाईकडे गेली, मीही गेले.

"बाई, तुम्ही म्हणाला होता, वापर चालू राहील."

"चालू आहे ना, दोन्या तोमासा. बाहेरच्या पट्ट्यात."

"बाहेरच्या पट्ट्यात काय आहे?"

तिने टेबलावरचा नकाशा गुंडाळला. मग म्हणाली, "मी खूप भांडले वरती. तुम्हाला खोटं वाटेल, पण भांडले. ते म्हणाले, नाहीतर पैसे थांबतील, आणि मग दवाखानाही थांबेल. मी काय करायचं, सांगा तुम्ही."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तोमासाने काखेत धरलेला कॉफीचा डबा, तिच्यासाठी आणलेला, टेबलावर ठेवला आणि आम्ही निघालो. वाटेत ती म्हणाली, "कोमाद्रे, ह्या बाईला रडताना मी दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा सुजलं मात्र आपलं." मग स्वतःच म्हणाली, "नाही, पहिल्या वेळी तिचं होतं."

सगळं गाव बाहेरच्या पट्ट्यात शिंपल्या काढायला लागलं. जिथे आधी दहा होड्या यायच्या तिथे पन्नास. वर्षभरात पट्टा चाळून निघाला. एका सकाळी आम्ही ओहोटीला वाकलो होतो. शेजारी रोसेन्दाची धाकटी सून काढत होती. तिची टोपली अर्धी भरलेली होती, आणि सगळ्या शिंपल्या नखाएवढ्या. तोमासाने बघितलं. ती पोरगीही बघत होती, हात टोपलीवर आडवा धरून. मला वाटलं आता तोमासा टोपली पालथी करते. तिने केली नाही. तिने आपली रिकामी टोपली उचलली, होडीत टाकली आणि मला म्हणाली, "चल."

"कुठे?"

"आत."

मी गेले. का गेले ते मला विचारू नका. इतकी वर्षं ती चल म्हणाली की मी गेलेय.

आत सावली होती. मुळं इतकी वाढली होती की होडी बांधून पुढे पायी जावं लागलं. आणि शिंपल्या! मुठीएवढ्या, जड, एकीवर एक. आमच्या हातून वाचून म्हाताऱ्या झालेल्या. आम्ही मोठ्याच तेवढ्या घेतल्या. तोमासा गात नव्हती, पण घशातल्या घशात काहीतरी चाललं होतं तिचं. भरती लागायच्या आत आम्ही होडीकडे आलो तर मोटारबोट समोर उभी. उल्बियो आणि दुसऱ्या गावचा एक राखणदार.

"आई, मागे फिर."

"मागेच निघालेय. बाजूला हो."

"टोपल्या रिकाम्या कर आणि मग जा. पाटी नाही बघितलीस?"

"मला वाचता येत नाही."

"येतं तुला वाचता. मला तूच शिकवलंस."

"चूक केली." तोमासा होडीत बसली. "ही झाडं बघ. ह्यांच्या शेंगा तू खांद्यावरून वाहिल्यास. मुंग्या चावल्या म्हणून रडत होतास, आठवतं?"

"आठवतं. झाडं तुझीच आहेत, आई. कोण नाही म्हणतंय? फक्त आत यायचं नाही."

"माझी आहेत, फक्त आत यायचं नाही. वा! असलं बोलायला शर्टाबरोबर शिकवतात का रे?"

दुसरा राखणदार हळूच म्हणाला, "उल्बियो, मी फोटो काढतो. पाठवावा लागतो."

"थांब जरा!" उल्बियो त्याच्यावर ओरडला. मग माझ्याकडे वळला. "माद्रिना, तुम्ही तरी सांगा तिला. मागे एकदा ही एकटी आत आली होती, मी बघून न बघितल्यासारखं केलं, तर मला ताकीद मिळाली. परत झालं तर काढतील. घरात दोन पोरी आहेत. मग काय खायचं आम्ही, शिंपल्या?"

"हो, शिंपल्या," तोमासा म्हणाली. "तुला त्याच्यावरच वाढवलाय."

"कुठल्या शिंपल्या, आई? बाहेर एक तरी राहिलीय का?"

त्याने मान वळवली. आपण काय बोललो ते त्याचं त्याला कळलं. तोमासाने त्याच्याकडे बघितलं, रागाने नाही, नुसतं बघितलं, आणि वल्हं होडीत आडवं ठेवलं.

"काढ रे फोटो," ती दुसऱ्याला म्हणाली. "चिरूट पेटवू का? मागच्या फोटोत होता."

नियम असा होता की पकडलेली होडी जप्त. उल्बियोने दोर बांधला. गाठ दोनदा सुटली. आम्हा दोघींना होडीत बसवून त्याने मोटारबोटीमागे ओढत गावापर्यंत आणलं. धक्क्यावर माणसं जमली होती. रोसेन्दा तिथेच होती, जीभ आवरली तर ती रोसेन्दा कसली. "वा तोमासा, आज मोटारीने आलीस!" म्हणाली. कुणी हसलं नाही. तीही हसली नाही.

होडी संस्थेच्या चौकीमागे उन्हात पडली. माफीच्या कागदावर सही केली की परत मिळणार होती. तोमासाने सही केली नाही.

त्यानंतर आम्ही सभा मागितली. करार मोडायचा का, यावर गावाने पुन्हा हात वर करायचे. तशी सोय होती, इंजिनियरबाईनेच सांगितलं. ती स्वतः मागे भिंतीला टेकून उभी राहिली. तोमासा बोलली. फार नाही बोलली. शिंपल्या संपल्या, पोरी नखाएवढ्या वेचतायत, कांदळ आपण खाण्यासाठी लावलं होतं, बघण्यासाठी नाही, एवढंच.

मग करार राहू द्यावा म्हणणाऱ्यांनी हात वर करायचे होते. राखणदार होते, त्यांनी केले. त्यांच्या बायकांनी केले. ज्यांचे म्हातारे आईबाप दवाखान्यात रक्तदाब मोजून घ्यायला जातात त्यांनी केले. उल्बियोने खाली मान घालून केला. आणि माझ्या शेजारी बसलेल्या रोसेन्दाने केला.

तोमासा तिच्याकडे वळली.

रोसेन्दाने हात खाली घेतला नाही. "पाऊस लागला होता तेव्हा माझ्या नातीला श्वास लागला होता, तोमासा. शहरापर्यंत पोचली नसती. त्या नर्सनेच वाचवली. मी काय करू, तूच सांग."

"काही नको करूस," तोमासा म्हणाली. "धर तसाच. नीट मोजता आला पाहिजे."

करार राहिला. खरं सांगायचं तर आम्ही हरलो असंही म्हणता येत नाही. समोर कुणी परकं नव्हतंच. आमच्याच माणसांचे हात होते, आणि ज्याचा त्याचा हात का वर होता ते मला घरोघरचं माहीत होतं.

आता आम्ही गावातल्या बहुतेक बायका शहराजवळच्या कारखान्यात कोळंबी सोलायला जातो. हो, कोळंबी. पहाटे बोट येते आणि घेऊन जाते. बर्फाच्या पाण्यात दिवसभर उभं राहायचं, रबरी हातमोज्यांत बोटं बधिर होतात. किलोवर मजुरी. कोळंबी कुणाच्या तलावातली, मी कधी विचारलं नाही. रोसेन्दा माझ्या समोरच्या टेबलावर असते. आधी ती तिथेही टवाळक्या करायची, पण मुकादम ओरडतो आणि यंत्रांचा आवाज इतका की विनोद समोरच्यापर्यंत पोचत नाही. आता गप्प सोलते.

तोमासा आली नाही. सून जेवणाचं ताट घेऊन येते, ती खाते. मी विचारलं होतं, उल्बियोच्या पगाराचं जेवण घशाखाली उतरतं का. ती म्हणाली, "भूक लागते, कोमाद्रे. आणि पोर वाईट नाहीये माझं." पण त्याचा खाकी शर्ट आता ती धूत नाही. त्याची बायको धुते. तो संध्याकाळी येऊन पायरीवर बसतो, दोघं समोरच्या पाण्याकडे बघत बसतात, पाऊस येईल का वगैरे बोलतात, कांदळाचं नाव काढत नाहीत.

या वर्षी ईस्टर झाल्यावर खाली दक्षिणेकडच्या एका गावातून बायका आल्या. त्यांच्याकडचे तलाव आता कुठे मेले होते. तिकडे तोमासाचं नाव पोचलं होतं, बक्षिसामुळे असेल. आम्ही सगळ्या तेव्हा होतो तशाच त्या, हाताला फोड आलेल्या, एकमेकींना कोपराने ढोसत हसणाऱ्या. बांध कुठे फोडायचा, शेंगा किती अंतरावर रोवायच्या, मिठाचं काय करायचं, तुम्ही येऊन दाखवा म्हणाल्या. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. तिने कपड्यांचं बोचकं बांधलं आणि त्यांच्या होडीत बसली.

परत आली तेव्हा उन्हाने काळवंडली होती आणि नखांत गाळ होता. मी कारखान्याला निघाले होते, धक्क्यावरच भेटली.

"लावल्या?"

"लावल्या. जमीन बरी आहे त्यांची, आपल्याइतकी जळालेली नाही. लवकर येईल."

"आणि पुढचं सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं. सगळं सांगितलं, काही ठेवलं नाही." ती बोचक्यावर बसली. "ऐकून घेतलं त्यांनी. कॉफी दिली. मग त्यांची जी पुढारी आहे ना, ती म्हणाली, दोन्या तोमासा, वाईट वाटलं, पण तुमच्या गावात एकी नव्हती."

"मग? तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, हो. नव्हती."

मला इतका राग आला की हातातला डबा खाली ठेवला. "नव्हती? असं कसं म्हणालीस? चौकीसमोर चुली कुणी मांडल्या? सभेत एकूणएक हात कुणाचे वर झाले होते?"

"मग काय सांगायला हवं होतं? एकी होती, तरी असं झालं, हे? ते ऐकून त्या फावडं उचलतील का?"

कारखान्याची बोट धक्क्याला लागली होती. बायका चढायला लागल्या होत्या आणि मुकादम शिट्टी वाजवत होता. मी डबा उचलला आणि चढले.